चढ गेला, सबबी राहिल्या

महाड-पोलादपूर भागात व्यायामाचा विषय काढला की पहिलं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं : "आम्हाला कशाला हवा व्यायाम? आमचं कामच व्यायाम आहे." हे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. दोन पिढ्यांपूर्वी ते अक्षरशः खरं होतं. सह्याद्रीच्या पायथ्याला टेकलेल्या या दोन तालुक्यांत सपाट जमीन सावित्री, गांधारी, काळ या नद्यांच्या काठाला तेवढी. बाकी गावं आणि वाड्या डोंगराच्या अंगाखांद्यावर. बाजारहाट करायचा तर उतरायचं आणि परतताना डोक्यावर ओझं घेऊन चढायचं. ढवळ्याचा घाट, पारघाट, वरंधा या वाटांनी माणसं पायी घाटमाथ्यावर जात. पाणी विहिरीचं, जळण रानातलं, दळण जात्यावरचं. त्या काळातल्या उमरठच्या किंवा साखरच्या माणसाला कुणी 'रोज अर्धा तास चाला' असं सांगितलं असतं, तर त्याला बोलणाऱ्याचीच काळजी वाटली असती.

मग रस्ता आला. एसटी आली, मिनीडोर आली आणि आता जवळपास प्रत्येक घराच्या अंगणात मोटारसायकल आहे. वाडीपर्यंत डांबर पोचलं, नळ आला, गॅस आला, मिक्सर आला. तरुण मुंबई-पुण्याला किंवा बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागले आणि घरची भातखाचरं हळूहळू पडीक पडत गेली. ही सुखं हवीच होती. हंड्यावर हंडा घेऊन घसरड्या पायवाटेने चढणाऱ्या बाईच्या मानेला काय लागतं, हे ज्याने पाहिलं आहे तो ते दिवस परत यावेत असं म्हणणार नाही. पण कष्ट गेले तरी 'आपण कष्टकरी आहोत' ही समजूत तशीच राहिली. ताटातला भातही दोन्ही वेळा तेवढाच राहिला. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायलाही किक मारली जाते आणि साखर किंवा रक्तदाब वाढल्याचं डॉक्टरांनी सांगितलं की घरचे म्हणतात, "आमच्या आज्याला कधी काही झालं नाही." आजा रोज किती चढत होता, याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

हे एका तालुक्यापुरतं नाही. जगभरच्या शारीरिक हालचालींचा आढावा घेणारा एक मोठा अभ्यास २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २००० साली सुमारे २२ टक्के होतं. २०२२ मध्ये ते ४९.४ टक्क्यांवर गेलं. स्त्रियांमध्ये ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२ टक्के. बावीस वर्षांत दुपटीहून जास्त. एवढ्या थोड्या काळात अर्धा देश आळशी झाला असं म्हणणं मला पटत नाही. माणसाचा स्वभाव इतक्या लवकर बदलत नाही, दिनक्रम बदलतो. म्हणूनच सबब सांगणाऱ्याला आळशी ठरवून काही साधत नाही. प्रत्येक सबबीच्या मुळाशी एखादी खरी अडचण असते. ती नेमकी ओळखायची आणि तेवढीच बाजूला करायची.

कामच व्यायाम असतो का? असू शकतो. याचा सर्वांत गाजलेला पुरावा लंडनच्या बसमधून आला. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी तिथल्या वाहतूक कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९५३ मध्ये निष्कर्ष छापले. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून. वाहक मात्र त्याच बसमध्ये, त्याच पाळीत, तिकिटं फाडत जिना चढउतार करत राहायचा, दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. पगार आणि राहणीमान सारखंच असूनही हृदयविकार चालकांत जास्त आढळला आणि त्यांच्यात तो जास्त घातकही ठरला. व्यायामशाळेचं तोंडही न पाहिलेल्या माणसाला कामातली हालचाल वाचवते, हे यातून पहिल्यांदा ठळकपणे पुढे आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीही कामातली, प्रवासातली आणि घरकामातली हालचाल मोजतात. प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल हवी, शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारं काम.

मध्यम म्हणजे किती, हे समजून घ्यायला रायगडासारखी जागा नाही. चित दरवाजाजवळून चढायला सुरुवात करणारा घोळका पहिल्या शे-दीडशे पायऱ्या मजेत गप्पा मारत जातो. तेवढ्यात कुणीतरी गाणं म्हणायला बघतं आणि दुसऱ्या ओळीला दम लागून थांबतं. बोलता येतंय, पण गाता येत नाही, हीच मध्यम हालचाल. महादरवाजा जवळ येतो तसा घोळका गप्प होतो. दोन-तीन शब्दांपलीकडे बोलवत नाही, ती जोरकस. आता याच मापाने आपला दिवस तपासा. तरवा उपटून चिखलात वाकून लावणी करणारी बाई, कापणी-झोडणीच्या दिवसांतला शेतकरी, गोणी उचलणारा हमाल यांचं काम या मापात सहज बसतं. पण लावणीचे दिवस थोडे, कापणीचे थोडे. मधल्या महिन्यांत काय होतं? दुकानात गल्ल्यावर बसणं, मिनीडोर चालवणं, कंपनीत पॅनेलपुढे बसून आकडे लिहिणं, चुलीऐवजी शेगडीपुढे उभं राहणं, यांत थकवा येतो, पण दम लागत नाही. थकवा आला म्हणजे व्यायाम झाला असं नाही, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते.

दुसरी मोठी सबब पावसाची. जून ते सप्टेंबर या भागात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. घाटात दरडी येतात आणि सावित्रीला पूर आला की महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरतं. २००५ आणि २०२१ चा जुलै इथे कुणी विसरलेलं नाही. अशा दिवसांत 'पाऊस काय, छत्री घेऊन निघा' असं सांगणाऱ्या लेखकाने महाडचा पाऊस पाहिलेला नसावा. इथे बाहेर न पडण्यातच शहाणपण. पण चार महिने म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा. तेवढा काळ शरीर बसवून ठेवलं तर मार्च-एप्रिलमध्ये कमावलेला दम दसऱ्यापर्यंत राहत नाही, आणि 'पाऊस थांबला की सुरू करू' म्हणता म्हणता पुढचा उन्हाळा येतो. उन्हाळ्यात घामाने अंग चिकचिकतं आणि सबब तयारच असते. म्हणून पावसाळ्यासाठी छपराखालचा व्यायाम वेगळा ठरवून ठेवावा लागतो. कोकणातल्या घराची ओटी किंवा पडवी त्याला पुरते.

महाराष्ट्रात छपराखाली, चटईएवढ्या जागेत होणारा व्यायाम नव्याने शोधायची गरज नाही. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन प्रचार केला. आपल्या संस्थानातल्या शाळांत तो त्यांनी रुजवला. महाडपासून जवळच शिवथरघळ आहे, तिथे दासबोध लिहिला गेला अशी श्रद्धा आहे. बलोपासनेसाठी मारुती स्थापणाऱ्या रामदासांच्या नावाने तिथे दर पावसाळ्यात गर्दी लोटते. तिथला धबधबा पाहून परतणाऱ्यांपैकी किती जण दुसऱ्या दिवशी सकाळी नमस्कार घालतात, हा प्रश्न मला प्रामाणिकपणे विचारावासा वाटतो. सूर्यनमस्कारात पाठ, खांदे, हात, मांड्या सगळ्यांना काम मिळतं, आणि जरा वेगाने घातले तर दमही लागतो. सुरुवात तीन-चारने करावी. मनगट दुखत असेल, पोट सुटलेलं असेल किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारून, सावकाश.

"पण माझे गुडघे दुखतात." पन्नाशीनंतर ही सबब सगळ्यांत जास्त ऐकू येते, आणि तिच्यातली भीती खरी असते. चाललं की गुडघा झिजेल असं वाटतं. गुडघ्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार येतो आणि सुटतो, त्या दाबाच्या ये-जा करण्याने तिला सांध्यातल्या द्रवातून पोषण मिळतं. हालचाल बंद केली की हे पोषण घटतं, मांडीचे स्नायू बारीक होतात आणि त्यांनी उचलायचा भार सांध्यावर येतो. मग दुखणं वाढतं आणि हालचाल आणखी कमी होते. गुडघ्याच्या झिजेवर बेताचा, नियमित व्यायाम उपयोगी पडतो, हे अनेक चाचण्यांतून दिसून आलं आहे.

कसा करायचा ते नीट पाहू. बिनचाकांची, पक्की खुर्ची ओटीवर भिंतीला टेकवून ठेवा. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पावलं जमिनीवर सपाट, दोन्हींमध्ये कमरेइतकं अंतर. हात छातीशी घ्या, पुढे झुका आणि हातांचा आधार न घेता उभे राहा. मग तीन अंक मनात मोजत हळूहळू परत बसा. धपकन बसायचं नाही, कारण हळू बसतानाही स्नायूला काम मिळतं. पहिल्या दिवशी पाच वेळा जमलं तरी चालेल. हात न लावता उठवतच नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करा आणि जमू लागलं की उशी काढा. मांडीत ताण जाणवला, थोडं दुखलं तर हरकत नाही. सांध्यात कळ आली, सूज आली किंवा गुडघा अडकू लागला तर थांबा आणि दाखवून घ्या.

डोंगराळ भागातल्या माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गुडघ्यावर ताण चढताना येतो त्यापेक्षा उतरताना जास्त येतो. दम चढताना लागतो म्हणून चढणच वाईट अशी समजूत होते, पण दुसऱ्या दिवशीचं दुखणं बहुधा उतरणीचं असतं. म्हणून उतरताना काठी घ्यावी, पावलं लहान टाकावीत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी रायगड सावकाश चढून जावा आणि खाली येताना रोपवे घ्यावा. बहुतेक जण नेमकं उलट करतात : वर रोपवेने, आणि उतरायला पायऱ्या.

वयाची सबब यालाच जोडून येते. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वद वर्षांच्या माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायचा व्यायाम दिला गेला. त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि त्यांतल्या दोघांना चालताना काठी लागेनाशी झाली. अभ्यास लहान होता, माणसं दहाच, आणि प्रशिक्षक सतत सोबत होते. तरी म्हातारा स्नायू व्यायामाला साद देतो एवढं त्यातून निर्विवाद दिसलं. पुढच्या अभ्यासांनी ते पुन्हा पुन्हा दाखवलं.

वेळ नाही, ही सबब औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्याच्या तोंडी खरी वाटते. एक आठवडा पहिली पाळी, एक दुसरी, एक रात्रपाळी. 'रोज सकाळी सहाला' हा सल्ला त्याच्या काही कामाचा नाही. अशा माणसाने घड्याळाऐवजी रोज हमखास घडणाऱ्या गोष्टीशी व्यायाम बांधावा : ड्युटीवरून आल्यावर, आंघोळीच्या आधी. रात्रपाळी असेल तर झोप झाल्यावर, चहाच्या आधी. कधी, कुठे, कसा हे आधी ठरवून लिहिण्याचा परिणाम मोजणारा एक ब्रिटिश प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे ज्यांनी लिहून ठेवलं, त्यांच्यापैकी ९१ टक्क्यांनी निदान एकदा तरी तो केला. ज्यांना व्यायामाचे फायदे सांगून नुसतं प्रोत्साहन दिलं, त्यांच्यात हे प्रमाण ३५ टक्के होतं, आणि काहीही न सांगितलेल्यांत ३८. व्याख्यानांवर आपण किती भरवसा ठेवतो आणि वहीतल्या एका ओळीला किती कमी लेखतो! शिवाय अर्धा तास सलगच हवा असं काही नाही. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडेही चालतात. रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली दहा-पंधरा मिनिटांची केली तर जेवणानंतर रक्तातली साखर कमी चढते. मधुमेह्याने तर ती चुकवूच नये.

बायकांचा प्रश्न वेगळा मांडायला हवा, कारण ५७ टक्क्यांचा आकडा त्यांचा आहे. पहाटे उठून डबे, मग शेत किंवा अंगणवाडी किंवा दुकान, मग रात्रीचा स्वयंपाक. यात वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर घरातल्या पुरुषांनी द्यायचं आहे : संध्याकाळची अर्धा तास चूल त्यांनी सांभाळावी. वेळ मिळाला तरी "नुसतंच कुठे चालली?" हा गावाचा प्रश्न वाटेत उभा असतो. एकटी बाई रस्त्याने काही कारणाशिवाय चालते हे अजून आपल्याकडे खपत नाही. चौघी मिळून निघाल्या की मात्र कुणी विचारत नाही. बचत गट गावोगावी आहेत. त्यांच्यातल्याच चौघींनी संध्याकाळी देवळापर्यंत आणि परत असं चालायला लागावं. महाड शहरात चवदार तळ्याभोवती फेऱ्या मारता येतात. आणि पायात चप्पल नको, बूट हवेत, साडीवर ते शोभोत न शोभोत.

बूट हवेत याला आणखी एक कारण आहे. "काळोखात साप-विंचू निघतात" ही इथली सबब शहरातल्या माणसाला कळणार नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रातून विंचूदंशावर काम सुरू केलं. तेव्हा लाल विंचवाच्या गंभीर दंशात शंभरातले चाळीसेक रुग्ण दगावत. प्राझोसिन या औषधाच्या उपचाराने हे प्रमाण सुमारे एक टक्क्यावर आलं. म्हणजे भीती खरी, आणि तिच्यावर उपायही आहे. तरीही गवतातून, काळोखातून चालण्याचं काही कारण नाही. उजाडल्यावर निघा, डांबरी रस्ता धरा, बॅटरी जवळ ठेवा. तसंच सावित्रीत मगरी आहेत, त्यामुळे पोहणं हा उत्तम व्यायाम असला तरी महाडच्या नदीपात्रात तो करू नये.

जिम नाही, पैसे नाहीत, या सबबींवर फार शाई खर्चू नये. पाण्याने भरलेली पाच लिटरची दोन कॅन वजन उचलायला पुरतात.

कंटाळ्याचं तसं नाही. तो मला सगळ्यांत गंभीर अडथळा वाटतो. ज्याला तो येतो त्याने एकट्याने चालणं किंवा नमस्कार स्वतःवर लादू नये. शिमग्यात पालखी नाचवताना, गणपतीत जाखडीचा फेर धरताना, महाशिवरात्रीच्या उत्सवात महाडच्या वीरेश्वराच्या छबिन्यात तासन्‌तास उभं राहताना याच गावांतली माणसं थकल्याचं बोलत नाहीत. जाखडीत कमरेत वाकून, पायांचा ठेका धरून गोल फिरणं ज्याने एकदा केलं आहे त्याला त्यातली मेहनत ठाऊक आहे. सोबत आणि ताल असला की तेच कष्ट आनंदाचे होतात. रायगड जिल्हा कबड्डीचा. चाळिशीतल्या माणसांनी स्पर्धेची कबड्डी खेळून गुडघे मोडून घेऊ नयेत, पण आठवड्यातून दोन दिवस मैदानावर धावाधाव, व्हॉलीबॉल, जाखडीचा सराव वर्षभर चालू ठेवायला काय हरकत आहे? गणपती झाल्यावर ढोलकी वर्षभरासाठी माळ्यावर का जावी?

सवय पडायला किती दिवस लागतात? लंडनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. गणेश चतुर्थीला सुरुवात केली तर साधारण तुळशीच्या लग्नापर्यंतचा हा काळ, आणि आपल्याकडे पाऊस ओसरून हवा चालण्याजोगी होण्याचाही तोच. त्याच अभ्यासात दिसलं की मधला एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. घरात आजारपण आलं, लग्न निघालं, मुंबईला जावं लागलं, तरी परतल्यावर पुढे चालू करायचं. 'खंड पडला, आता सोडाच' ही सबब सगळ्यांत फसवी आहे.

ज्यांना चालताना छातीत दुखतं, धाप लागते, चक्कर येते किंवा ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनी आधी ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्यावं. ही सबब नाही, ही काळजी आहे.

काही अडचणी मात्र एकट्याने सुटणाऱ्या नाहीत. भरधाव गाड्यांच्या रस्त्याला चालायला कडेची जागा नसेल, वळणावर दिवा नसेल, शाळेचं मैदान संध्याकाळी कुलपात असेल, तर माणसाला घरी बसण्याचा दोष देता येत नाही. यासाठी ग्रामसभा आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तीन मागण्या लेखी द्या : शाळेचं मैदान संध्याकाळी सहा ते आठ उघडं ठेवावं, देवळापर्यंतच्या रस्त्यावर दिवे लावावेत, आणि पावसाळ्यात समाजमंदिर किंवा सभागृह व्यायामासाठी मिळावं. ठराव लिहून घेतल्याशिवाय उठू नका.